बैल दोन, पोळे तीन

इंदापूरच्या कुंडलिकराव जगतापांच्या गोठ्यात बैल दोन होते आणि पोळे तीन.

यात बैलांचा काही दोष नव्हता. डाव्या दावणीचा सर्जा प्रयागबाईंच्या भावानं दिलेला, नीरेपलीकडचा, माळशिरसच्या अंगाचा. तिकडं बैलांचा सण आखाडात, त्याला बेंदूर म्हणतात. उजव्या दावणीचा रतन सुनेच्या वडलांनी दिलेला, भीमेपलीकडचा, करमाळ्याच्या अंगाचा. तिकडं पोळा श्रावणी अवसेला. आणि बैलांचे मालक मूळचे बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीचे. त्यांच्या वाडवडलांचा पोळा भादव्यात, सर्वपित्री अवसेला. ज्या बैलाचा सण त्याच्या खांद्यावर त्या दिवशी जू ठेवायचं नाही, हा नियम तिन्हीकडं सारखा. आणि दोन बैलांची गाडी एका बैलानं ओढली जात नाही, हा नियम तर सगळ्या हिंदुस्थानात सारखा.

तेव्हा आखाडात सर्जाचा सण म्हणून गाडी उभी. श्रावणात रतनचा म्हणून उभी. भादव्यात मालकाचा म्हणून उभी. दर खेपेला पुरण शिजे, दर खेपेला कुंडलिकराव दोन पोळ्या जास्त खात आणि दर खेपेला जेवून उठताना म्हणत, "या घराला काही शिस्त नाही."

कागदावर

कुंडलिकराव मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघाले होते. कागदावर जे आहे ते आहे आणि जे नाही ते नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्या श्रद्धेच्या बळावर ते इंदापूर पुणे जिल्ह्यात आहे असं मानत. अडचण अशी, की हे दुसरं कोणी मानत नसे. सोलापूरला गेलं की लोक म्हणत, "या पुणेकर. आमची भाकरी गोड लागंल का तुमास्नी?" आणि पुण्याला गेलं की विचारत, "सोलापूरकडचे का?" बारामती त्यातल्या त्यात जवळची. पण तिला पाटाचं पाणी मिळालं, उसाची गुऱ्हाळं सुरू झाली आणि तेव्हापासून बारामतीचा माणूस इंदापूरच्या माणसाशी जरा वरून बोलू लागला. पाणी माणसाला उंच करतं.

तर उन्हाळ्यात कुंडलिकरावांचे जुने वरिष्ठ, चिटणीस रावसाहेब, यांचा पुण्यात सत्कार होता. कुंडलिकराव मोटारीनं बारामती, आगगाडीनं दौंड, पुन्हा आगगाडीनं पुणे असे सत्काराला पोचले. पंगतीत त्यांनी वाढप्याकडं हळूच हिरवी मिरची मागितली. समोरच बसलेले रावसाहेब प्रेमानं हसले.

"तुम्हा सोलापूरकडच्या लोकांना तिखट भारी लागतं बुवा."

"साहेब, इंदापूर पुणे जिल्ह्यात आहे."

"हो हो," रावसाहेब म्हणाले, "कागदावर आहे खरं."

कागदावर! ज्यानं उमेदीची सारी वर्षं कागदावर घालवली त्याला कोणी असं म्हणावं, म्हणजे वारकऱ्याला "तुमचा विठोबा म्हणे दगडाचा आहे" म्हणण्यासारखं. कुंडलिकरावांच्या घशात मठ्ठा अडकला. तो दौंडला उतरला. बारामती येईपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता: इंदापुरात पुणे जिल्ह्याच्या रीतीचा एकच पोळा करायचा, भादव्यातला. वाजतगाजत मिरवणूक काढायची. आणि अध्यक्ष म्हणून खुद्द रावसाहेबांना बोलवायचं. एकदा त्यांनी डोळ्यांनी बघितलं, तोंडानं कबूल केलं, की झालं.

घरी येताच त्यांनी रावसाहेबांना पत्र टाकलं: "पोळ्यास अगत्य यावे." उत्तर आलं: "पोळ्यास अवश्य येतो."

तारीख दोघांनीही लिहिली नाही. पोळा कधी असतो हे सांगायला लागतं का कोणाला?

हुकूम

"आजपासून या घरात पोळा एकच," कुंडलिकरावांनी ओटीवरून सांगितलं. "बेंदूर बंद. श्रावणी बंद. बैल ज्या जिल्ह्यात राहतो त्या जिल्ह्याचा सण पाळील."

"सर्जा माझ्या भावाचा बैल हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "बेंदराला त्यो जू घेणार न्हाय."

"हाय नाही. आहे."

"व्हय. आहे. माझ्या भावाचा आहे."

सून मुक्ताबाई चुलीपुढं होती. तिचा नवरा मानसिंग मुंबईला नोकरीला. सासरी येऊन तिला दुसरा श्रावण लागायचा होता. गोठ्यातला रतन सोडला तर या गावात तिच्या ओळखीचं, लग्नाअगोदरपासूनचं, कोणी नव्हतं.

बेंदूर

बेंदराला कुंडलिकरावांनी सर्जाला जुंपलं. प्रयागबाईंनी पुरणपोळी केली, सगळी सर्जाला घातली आणि नवऱ्याच्या ताटात शिळी भाकरी वाढली. त्यानंतर त्या त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. निरोप सुनेमार्फत जात.

सल्ले

(स्थळ: कुंडलिकरावांचा ओटा. मागितलं नसताना मिळालेले.)

आबासाहेब, शेजारी, कापडदुकानदार, घरी स्वतःची बैलजोडी: तात्या, पुण्याचा माणूस बोलावताय तर आमटीत गूळ घाला. नुसत्या तिखटानं पावणा मरंल.

कुंडलिकराव: आमटी पुणे पद्धतीचीच होईल.

आबासाहेब: मी तर म्हणतो, एवढी उस्तवारी कशाला? इंदापूर सोलापुरात घाला म्हणून अर्ज करा. मोकळं व्हा.

अप्पा, समोरचे, कायम बसलेले: सोलापुरात कशापायी? नीरंच्या पल्याड फलटणचं संस्थान हाय. राजा हाय, हत्ती हाय. तितं घाला.

आबासाहेब: हत्तीचा काय संबंध?

अप्पा: मिरवणुकीला उपेगी पडंल.

धोंडाबाई, शेजारीण, भिंतीपलीकडून: आदी घरातली बाई बोलती करा. मग जिल्हा बदला.

अर्ज

मिरवणुकीत वाजंत्री लावायची तर परवानगी हवी. कुंडलिकरावांनी उत्तम कागद घेतला, बोरू तासला, वर सन १९३६ घातलं आणि असा अर्ज लिहिला की जुन्या मामलेदारांनी डोळ्यांना लावला असता. आता कुंडलिकरावांच्या खुर्चीवर दत्तोबा होता. त्यांनीच हाताखाली शिकवलेला. दत्तोबानं उठून नमस्कार केला, पान दिलं, मुलांबाळांची चौकशी केली आणि अर्ज परत केला. समासात लाल शाईनं शेरे होते:

*एक. पोळा कोणता ते स्पष्ट करावे.*
*दोन. गावात एकच पोळा होतो अशी पूर्वीची वहिवाट असल्याचा दाखला जोडावा.*
*तीन. अर्जदाराचे अक्षर लागत नाही.*

पहिले दोन शेरे कुंडलिकरावांनी सोसले. तिसऱ्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं अक्षर बघायला एके काळी दौंडहून माणसं येत.

"दत्तोबा, अरे माझं अक्षर?"

"तात्या, अक्षर मोत्यावानी हाय. पर तुमीच शिकिवलंय. पयला अर्ज परत करायचा, कारण सापडंना तर अक्षर."

दाखल्यासाठी कुंडलिकराव गावभर हिंडले. ज्याला विचारावं तो म्हणे, "आमचा भादव्यात, पर मंडळीचा बेंदराला" किंवा "आमचा श्रावणात, पर थोरल्या भावाचा भादव्यात." एका घरात तर बाप आणि लेक एकाच गोठ्यातले बैल वेगळ्या महिन्यांत सजवत. हे सगळं आपण उभी नोकरी या गावात करून कधी कसं पाहिलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. मग आठवलं की कचेरीला खिडकी होती, पण ती त्यांच्या पाठीमागं होती.

अखेर दत्तोबानं दया येऊन भादव्यातल्या मिरवणुकीची परवानगी दिली. आता फक्त दारापुढचं अंगण मुरूम टाकून सारखं करायचं राहिलं. रावसाहेबांची खुर्ची डगमगून चालणार नव्हती.

श्रावणी अवस, आदला दिवस

तिन्हीसांजेला मुक्ताबाई ओटीच्या कडेला येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरलेला.

"मामंजी, एक मागायचं हुतं."

"बोल."

"उद्या आमच्याकडला पोळा. रतन्याला एवढा एक दिस उभा ठेवा. लई न्हाय मागत. मी मागल्या अंगाला निवद दाखवीन, कुणाला दिसणार बी न्हाय. बाबांना शब्द दिलाय."

कुंडलिकराव निर्दय नव्हते. त्यांना आतून हलल्यासारखं झालं. पण त्याच वेळी कानात "कागदावर" वाजलं.

"सूनबाई, रतन आता पुणे जिल्ह्याचा बैल आहे. त्याला भादव्यात मोठा मान मिळेल."

"आणि मी?" मुक्ताबाईनं विचारलं.

या प्रश्नाला कोणतं कलम लागतं ते त्यांना पटकन सुचलं नाही. ते म्हणाले, "आत जा, दिवे लागले." आणि नमतं घेतल्याचा संशय कोणाला येऊ नये म्हणून त्यांनी गडी जोतीरामला बोलावून सांगितलं, "उद्या सकाळी गाडी जुंप. मुरूम आणायचा आहे."

"उद्या, मालक?"

"उद्याच."

श्रावणी अवस

जोतीरामनं गाडी जुंपली, पण हाकायला बसेना. "पाप लागंल," म्हणाला. तेव्हा कुंडलिकराव धोतर खोचून स्वतः धुरेवर बसले. मुरूम भरेपर्यंत सगळं ठीक झालं. रतन निमूट चालत होता. कुंडलिकरावांना वाटलं, बैलाला कळतं ते माणसांना कळत नाही. तेवढ्यात मोटारतळासमोर, भर रस्त्यात, रतन खाली बसला.

फुरफुरला नाही, बिथरला नाही. पंगतीला बसावं तसा बसला.

सर्जा बिचारा मान वाकडी करून उभा. कुंडलिकरावांनी शेपटी पिळली, चुचकारलं, शेवटी मुरमावर चढून अव्वल कारकुनाच्या आवाजात "ऊठ" असं बजावलं. रतननं डोळे मिटले. बघता बघता बाजारातलं माणूस जमलं. अप्पा आले. हे गृहस्थ ओट्यावरून उठलेले गावानं प्रथमच पाहिले.

"त्यो न्हाय उठायचा," गर्दीतून धोंडाबाई म्हणाली. "आवतण घेतलेला बैल हाय. काल सांजच्याला तुमच्या सूनबाईनं त्याचं खांदं मळलं, हळद-तूप लावलं, आन् कानात सांगितलं, आज आवतण घे, उद्या जेवाय ये. म्या भितीवरनं बघितलं. ज्याला जेवायचं बोलावणं हाय त्यो मुरूम वडंल व्हय?"

"मला कोणी कळवलं नाही," कुंडलिकराव म्हणाले.

"आवतण बैलाला हुतं, तात्या."

एवढ्यात बारामतीची मोटार आली. वळणावरून ती नेहमीच वेगात येई, कारण तिचा ब्रेक हळू चाले. ड्रायव्हरनं समोर गाडी, गाडीत मुरूम, मुरमावर कुंडलिकराव आणि पुढं बसलेला बैल पाहिला, चाक फिरवलं, आणि मोटारीचं पुढचं चाक रस्त्याकडेच्या चिखलाच्या चरात धसकन गेलं. कोंबड्या उडाल्या. मोटारीच्या दारातून आधी एक छत्री बाहेर आली, मग पुणेरी पगडी, आणि तिच्याखाली रावसाहेब.

"कुंडलिकराव," रावसाहेब पगडी सारखी करत म्हणाले, "पोळ्याच्या दिवशी बैल जुंपलात?"

इथं कुंडलिकरावांच्या पायाखालचा मुरूम सरकला.

कारण रावसाहेबांनी पिशवीतून पंचांग काढलं. पुण्यात छापलेलं. त्यात श्रावणी अवसेपुढं स्पष्ट छापलं होतं: पोळा. पुणे शहरातल्या माणसाला बैल असतात ते पंचांगात. त्यांचा सण कधी तो तिथूनच पाहायचा. आपल्याच जिल्ह्यात निम्मे गोठे तो दिवस पाळत नाहीत, ही गोष्ट रावसाहेबांच्या फायलीत कधी आली नव्हती.

आता कुंडलिकरावांपुढं दोन वाटा होत्या. "आमचा पोळा आजच" म्हणावं, तर पोळ्याच्या दिवशी बैल जुंपणारा महापापी, आणि वर वाडवडलांचा भादवा बुडाला. "आमचा पुढच्या महिन्यात" म्हणावं, तर रावसाहेब म्हणणार, बघा, तुमची रीत आमच्यात बसत नाही, मी म्हणतच होतो. ते मुरमावर उभे राहून एकदा पंचांगाकडं आणि एकदा बैलाकडं पाहत राहिले.

गर्दी बाजूला झाली. प्रयागबाई येत होत्या, आणि त्यांच्यामागं पदर कपाळाखाली ओढलेली मुक्ताबाई, हातात निवदाचं ताट. जगतापांची सून मोटारतळावर आलेली कोणी पाहिली नव्हती. तिनं कोणाकडं पाहिलं नाही. ताट सासूच्या हाती दिलं, वाकून गळ्यातल्या जोत्याची गाठ सोडली, रतनच्या मानेवरचं जू काढलं, आणि त्याचे पाय धुवायला पाणी नाही म्हणून पदराच्या शेवानं त्याचे खूर पुसले. मग कुंकू लावलं. पुरणपोळी तोंडाशी धरली. रतननं बसल्या बसल्या ती खाल्ली आणि दुसरीची वाट पाहिली.

"म्हणजे पोळा आजच आहे तर," रावसाहेब म्हणाले.

मुक्ताबाईचा हात थांबला. बोलायचं कुंडलिकरावांनी होतं.

ते मुरमावरून खाली उतरले.

"साहेब, सुनेचा आज हाय."

"आणि तुमचा?"

"माझा भादव्यात. सर्वपित्रीला."

"सर्वपित्रीला? त्या दिवशी मी घरचं श्राद्ध टाकून तुमचे बैल बघायला येईन होय?"

"बायकोचा आखाडात झाला. त्या दिवशी बी मी बैल जुंपला. आज बी जुंपला. चूक माझी हाय."

दोनदा "हाय" गेलं होतं आणि त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही. प्रयागबाईंनी बेंदरानंतर प्रथमच नवऱ्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"अहो, पण जिल्ह्याची म्हणून काही एक पद्धत?" रावसाहेब म्हणाले.

"जिल्हा सायबाचा असतो," आबासाहेब म्हणाले. "बैल ज्याच्या त्याच्या घरचा."

"चला जेवाय," प्रयागबाई नवऱ्याला म्हणाल्या. थेट. कोणामार्फत नाही.

पंगत

रावसाहेब सुधारक होते. कुठंही जेवत आणि जेवल्याचं सगळ्यांना सांगत. पण आमटीत गूळ घालायचा तो भादव्यात घालायचा ठरला होता. आज ती मुक्ताबाईच्या हातची, करमाळ्याच्या रीतीची, वर लाल तवंग असलेली. पहिल्या भुरक्याला रावसाहेब थांबले. दुसऱ्याला त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"काय झालं पावण्यास्नी?" भिंतीपलीकडून धोंडाबाईनं विचारलं. "कुणाची आठवण झाली का काय?"

"काही नाही," रावसाहेब नाक पुसत म्हणाले. "अजून थोडी वाढा."

ते चार पोळ्या जेवले. मग त्यांना मोटार आठवली. संध्याकाळी बारामतीला मेहुण्याकडं पोचायचं होतं, आणि मोटार चरात.

"आज पोळा," ते एकदम काळजीत पडले. "मोटार ओढायला बैल कुठून आणायचे? पुण्याकडं आज एक बैल जुंपायचा नाही कोणी. म्हणजे मी उद्यापर्यंत इथंच?"

कुंडलिकराव तोंड उघडणार, तोच आबासाहेब चूळ भरून उठले. "माझी जोडी हाय की. आमचा भादव्यात. बेंदराला माळशिरसवाल्यांची वझी आमी वडतो, श्रावणात करमाळावाल्यांची. भादव्यात ती आमची वडत्यात. हितं गाव कदी अडून ऱ्हात न्हाय, सायेब."

कुंडलिकरावांनी हे प्रथमच ऐकलं. याचा कुठंही दाखला नव्हता. आबासाहेबांची जोडी आली, दोर लागला, आणि मोटार चरातून बाहेर आली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवून पाहिला. तो वाजला. ब्रेक पूर्वीइतकाच चालत होता.

रावसाहेब मोटारीत बसले. मग खिडकीतून म्हणाले, "कुंडलिकराव, ही मोटार पुण्यात चरात गेली असती, तर आज तिथंच राहिली असती."

"व्हय, साहेब," कुंडलिकराव म्हणाले. आजपर्यंत पुण्याहून मिळालेल्या सगळ्या शेऱ्यांत हा त्यांना बरा वाटला. त्यांनी तो लिहून मात्र मागितला नाही.

मोटार गेली. तोवर तळावरच बसून राहिलेला रतन आता उठला, आणि घरी परतताना मुक्ताबाई त्याला धरून मागून येत होती.

"मामंजी, भादव्यात तुमचा पोळा, गाडी उभी ऱ्हाईल. तवा रतन्या जाईल की कुणाचं बी वझं वडाय. त्याचा झाला सण."

"कशाला जाईल?" कुंडलिकराव वळले. "भादव्यात त्यो बी उभा ऱ्हाईल. घरातला हाय त्यो. आन् सर्जा बी आज उभा."

"आणि बेंदराला?" प्रयागबाईंनी विचारलं.

"बेंदराला दोघंबी."

हे बोलून त्यांना फार हलकं वाटलं. तिन्ही सण, दोन्ही बैलांना, कायम. गोठ्याच्या दारात जोतीराम जू खांद्यावर घेऊन उभा होता. मोटारतळापासून त्यानं ते आणि अर्धा मुरूम तिथंच उतरवलेली गाडी स्वतःच ओढत आणली होती. त्यानं जू भिंतीला टेकवलं आणि घाम पुसला.

"मालक," तो म्हणाला, "गड्याचा पोळा कुठल्या जिल्ह्यात असतो?"

कुंडलिकरावांनी आत जाऊन स्वतः पाट मांडला आणि मुक्ताबाईला हाक मारली, "सूनबाई, आणखी एक ताट. आमटी तीच वाढ."